सतरा नंबरची हजेरी

१

मी तशी सुखी बाई आहे. अमरावतीत राहून असं म्हणणारी माणसं कमीच, कारण आमच्याकडे ऊन तापायला लागलं की सुखी माणूससुद्धा कुरकुर करतो. पण मला खरंच काही कमी नाही. घर आहे, घरात खुशालराव नावाचा शांत नवरा आहे, आणि एसटीतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा तोच करतो. नोकरी बिनतारी कक्षात. खात्याचं नाव सांगत नाही. सांगायची परवानगी नाही आणि ऐकून तुम्हाला करायचं तरी काय?

आमच्या कक्षाला सगळे कंट्रोल म्हणतात. जिल्ह्यात आमच्या बावीस चौक्या, त्यांच्याकडे बावीस सेट, हातात मावणारे, काळे. सकाळी बरोबर आठला मी माइकचं बटण दाबते आणि हाक मारते, "एक." तिकडून येतं, "एक, सब ठीक." मग दोन, मग तीन. बावीस झाले की मी चहाचा दुसरा कप घेते. सत्तावीस वर्षं हेच करत आलेय आणि एक दिवस कंटाळा आलेला नाही.

आता एक कबूल करते. आमच्यात एक पद्धत आहे, ती कुठल्या नियमात सापडणार नाही. एखादा आठ वाजता सेटपाशी नसला, पाणी भरायला गेला, पोरीला शाळेत सोडायला गेला, तर दुसऱ्या चौकीवाला त्याच्यासाठी आवाज देतो. तिवस्याचा माणूस गायब असला तर रिद्धपूरवाला म्हणतो, "नऊ, सब ठीक." मला आवाज ओळखू येतो, पण मी मुकाट्यानं यादीत खूण करते. एवढीसुद्धा सोय माणसानं माणसाची बघू नये का?

दर मार्चला साठा पडताळणी असते. नियम असा की प्रत्येक सेट डोळ्यांनी बघायचा, मागचा नंबर ताडून पाहायचा, मग सही करायची. मी हजेरीवरच सही करत आले. आवाज आला म्हणजे सेट आहे. आवाज काय नुसत्या हवेतून येतो?

सतरा नंबरचा आवाज मला विशेष आवडायचा. जेवण झालेल्या माणसाचा निवांत आवाज. "सतरा, सब ठीक हाये, बाई." मागे पंख्याची घरघर. तिथला आधीचा माणूस बदलून गेल्यावर हा कोण आला, कधी आला, मला नीट ठाऊक नव्हतं. बदल्या होतच राहतात.

२

यंदा अंकुर ढोमणे साहेब आले. वय तेहतीस, बोलणं पुण्याकडचं, आणि टेबलावर धूळ दिसली की स्वतः पुसणार. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात आमच्यासारखाच एक सेट भंगारवाल्याकडे सापडला होता, तोही चालू. वरून पत्र आलं. साहेबांनी हुकूम काढला, "शनिवारी अकरा वाजता सगळे सेट माझ्यासमोर टेबलावर."

शनिवारी टेबलावर एकवीस आले.

"सतरा?" साहेबांनी विचारलं.

"येईल, साहेब. लांबून यायचंय," मी म्हणाले. खरं तर किती लांबून ते मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात नागसेननं मला व्हरांड्यात बोलावलं. नागसेन वलगावच्या चौकीचा, त्याचा नंबर अठरा. खुशालरावांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा हा माणूस आठ रात्री दवाखान्याच्या फरशीवर झोपला होता. मला ताई म्हणतो आणि मी त्याला भावासारखंच रागावते.

"ताई, सतरा माह्याकडे होता," तो म्हणाला. "अकोला रोडवरची चौकी. चार वर्षं झाले, रोड रुंद केला तवा पाडली ना. सामान टेम्पोत भरलं आन् सेट गायब. दिवसभर मलबा उपसला म्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमाले सांगाले आलो. दारात उभा होतो, तं आतून आयकू आलं, सतरा, सब ठीक."

"मग?"

"मले वाटलं, सेट कोनाले तरी सापडला असंन. तोच माह्यासाठी आवाज देऊन राहिला असंन, मले वाचवाले. मंग मी चूप बसलो."

"चार वर्षं, नागसेन? अक्कल गहाण ठेवली होती का?"

"तुमी बी तं चार वर्षं सह्या केल्या ना, ताई."

मी आत जाऊन एकवीस जणांना एकेक करून विचारलं. सतरासाठी आवाज कोण देतं? तिवसावाल्याला वाटत होतं वलगाववाला देतो. रिद्धपूरवाल्याला वाटत होतं तिवसावाला. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणीतरी भला माणूस देतोय.

साहेबांना सांगावंच लागलं. ते ओरडले नाहीत, खुर्चीत बसले. "मॅडम, कळतंय का तुम्हाला? चार वर्षं आपण जे जे बोललो, ते कुणीतरी ऐकत बसलंय. परीक्षेच्या पेपरची गाडी किती वाजता निघाली. मतदानाची यंत्रं कुठल्या गोदामात आहेत. कुठल्या चौकीवर रात्री एकच माणूस आहे." मग नागसेनकडे बघून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सेट या टेबलावर हवा. नाही आला तर मला वर कळवावं लागेल. निलंबन आणि त्यानंतर बडतर्फी. माझ्याही हातात काही राहणार नाही."

नागसेनच्या बापानं, बुधाजींनी, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात सरकी लावली. वलगावला त्यांच्या घरावर पाटी आहे, तिच्यावर मुलाच्या नावाखाली नोकरीचा हुद्दा लिहिलेला आहे. ती पाटी म्हातारा रोज फडक्यानं पुसतो. माझी चौकशी झाली तरी निवृत्तीला दहाच महिने उरलेले, माझं कोण काय करणार? पण ती पाटी उतरवायची म्हणजे बुधाजींचा जीव घेणं.

संध्याकाळी घरी जाता जाता मला आठवलं, हजेरीनंतर गप्पा मारताना मीच एकदा सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या घराची किल्ली पाण्याच्या मीटरच्या झाकणाखाली असते. गेल्यागेल्या किल्लीची जागा बदलली.

३

पण त्याआधी, त्याच शनिवारी दुपारी, एक गोष्ट झाली.

साहेब जेवायला गेले. सगळे खाली कँटीनला गेले. वर फक्त मी आणि नागसेन. एकवीस सेट टेबलावर बंद करून ठेवलेले, बॅटऱ्या काढून बाजूला मांडलेल्या. बॅटऱ्या मी स्वतः मोजल्या होत्या, कारण मला वाटत होतं यातलाच कोणी गंमत करतोय.

मी बटण दाबलं. "सोळा."

काही नाही. बरोबरच आहे.

"सतरा."

"सतरा, सब ठीक हाये, बाई."

हजेरीची वेळ नव्हती तरी जराही घाई नाही, आश्चर्य नाही. पंख्याची घरघर, आणि कोणीतरी माठातून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. नागसेननं माझं मनगट धरलं.

"ताई, हा पंखा आयका."

"पंखाच आहे. त्यात काय?"

"आयका तं खरं. तिसऱ्या फेऱ्याले अडकते. टक् करते. माह्या चौकीचा हाये तो. दोनदा मेकॅनिक आनला, तरी अडकेच." तो माइककडे वाकला. "चौकीच नाई आता, ताई. पंखा कुठी फिरून राहिला?"

मी मोजलं. एक, दोन, टक्. एक, दोन, टक्. मग बटण सोडलं.

मी देवभोळी नाही. सांगते तेव्हा काय विचार केला ते. मलब्यातून कोणीतरी सेटही उचलला आणि पंखाही. पंखा भंगारातून दोनशे रुपयांना मिळतो. कोणी एकटा, निवृत्त माणूस असेल. सकाळी आपली हाक ऐकतो, कोणीतरी आपल्याला विचारतंय म्हणून उत्तर देतो. वाईट माणूस असता तर इतकं छान बोलला असता का? हे नागसेनला समजावलं तेव्हा माझं मलाच पटलं आणि मी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती.

४

बुधवारी दुपारी आम्ही नागसेनच्या मोटारसायकलवर अकोला रोडला गेलो. त्याचा अठरा नंबरचा सेट माझ्या पर्समध्ये. पारा त्रेचाळीसवर. मी तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, आमच्याकडे सगळ्याच बाया गुंडाळतात.

चौकीचं नामोनिशाण नव्हतं. चार पदरी रस्ता, मधे दुभाजक, दुभाजकात कण्हेर लावलेली. आसपास घर नाही, दुकान नाही. नागसेननं एक कडुनिंब ओळखला आणि तिथून पावलं मोजत निघाला. ट्रक भोंगे वाजवून शिव्या देत होते. चौदा पावलांवर आम्ही दुभाजकातल्या कण्हेरीत उभे होतो.

"इथी टेबल होता," तो म्हणाला. "तुमी उभ्या हाये ना, तिथी खुर्ची."

मी सेट चालू केला. "सतरा."

"सतरा, सब ठीक हाये, बाई."

मी हे भर उन्हातलं सांगते आहे, रात्रीच्या भीतीतलं नाही. आमच्या दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते, पण सेटमधून त्यांचा आवाज येत नव्हता. तिथे नुसता पंखा होता. आणि माझ्या दुपट्ट्याचं टोक हलत होतं. ट्रकचा वारा बाजूनं येतो, मला माहीत आहे. हा वरून येत होता, सरळ भांगावर, गार. तिसऱ्या फेऱ्याला जरा थांबून पुन्हा येत होता. वर पाहिलं तर नुसतं पांढरं आभाळ.

मी बोलत राहिले, कारण गप्प बसले असते तर पळाले असते.

"कोन बोलता तुमी?" माझ्या तोंडून आपोआप घरची भाषा निघाली.

"सतरा."

"नाव काय तुमचं?"

"नाव कायले पायजे? हजेरी तं नंबरची राह्यते."

"हे पाहा, तो सेट आमाले वापस द्या. इथी एका मानसाची नोकरी जाऊन राहिली. त्याचा बाप म्हातारा हाये."

मग तो म्हणाला, अगदी साधेपणानं, शेजाऱ्याला विचारावं तसं, "देतो ना. पन मंग माह्यासाठी आवाज कोन देईन?"

आमच्यात कोणी असं विचारलं तर विचार करायची पद्धतच नाही. "मी देईन," मी म्हणाले. "तुमी चिंता नोका करू."

"रोज?"

"रोज."

किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. कडी निघाली. दार उघडलं, पावलं दूर गेली. पंखा रिकाम्या खोलीत फिरत राहिला.

"काय म्हने?" नागसेननं विचारलं. ट्रकच्या भोंग्यात त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"देतो म्हणाला," मी म्हणाले, "चल, उसाचा रस पाज मला."

५

गुरुवारी सकाळी कंट्रोलमधलं कपाट उघडलं तर सतरा नंबरचा सेट आत होता. कपाटाची किल्ली रात्रभर माझ्या उशाशी होती. सेट स्वच्छ पुसलेला, पट्टा नवा बसवलेला, आणि हातात घेतला तर कोमट. साहेबांना सांगितलं, कपाटामागे पडला होता, आवाज आपल्यातलेच सवयीनं देत होते, चूक कंट्रोलची. मला लेखी ताकीद मिळाली. नागसेनची फाईल बंद झाली. तो घरून पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला एक धपाटा घातला. फार बरं वाटलं मला. आपल्या हातून एका घराचं भलं झालं, यापेक्षा मोठं सुख ते कुठलं?

सेट राखीव म्हणून कंट्रोलमध्येच ठेवला, यादीत नंबर राहिला. रोज आठला मी "सतरा" म्हणायची आणि मीच उत्तर द्यायची, "सतरा, सब ठीक." रविवारी सुट्टी असली तरी दहा मिनिटांसाठी जाऊन यायची. खुशालराव म्हणायचे, "तुले तं नोकरीचं याडच हाये."

पहिल्याच दिवशी उत्तर देताना भांगावर गार वारा आला. छान वाटलं. बाहेर एप्रिल तापत होता आणि आमच्या कक्षाचा कूलर दोन वर्षं बंद.

मग हळूहळू खोली दिसायला लागली. चुन्याच्या भिंती, लाकडी टेबल, माठ. खुर्ची आधीच कोणाच्या तरी बसण्यानं ऊबदार. मी माठातलं पाणी प्यायची. वाळ्याचा वास यायचा त्याला. दार नुसतं लोटलेलं, पण बाहेर डोकावावंसं कधी वाटलं नाही. कसली घाई नाही, कोणाची काळजी नाही. जेवण झालेल्या माणसासारखं वाटायचं. परत यायची तेव्हा चहा निवलेला असायचा.

अकोल्याहून बदलून आलेली गीतांजली माझ्या शेजारी बसते. माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. मे महिन्यात ती म्हणाली, "मॅडम, सतरा म्हनल्यावर पाच मिनिटं तुमी बोलतच नाई. समोरचे बिचारे अठरापासून ताटकळतात." जूनमध्ये पाचाची पंधरा मिनिटं झाली. जुलैत एक दिवस ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. डबा खाताना हळूच म्हणाली, "आज मी वळून पाह्यलं, तं तुमची खुर्ची रिकामी होती. चपला होत्या."

"बाथरूमला गेले असेन."

"दार तं माह्याच बाजूनं हाये, मॅडम."

त्या दिवशी मी खरी घाबरले. खोलीची भीती नव्हती, आपल्याला तिथे किती बरं वाटतं याची वाटली. एक दिवस मी पाणी पिऊन तिथेच बसून राहणार, हे मला नीट कळलं होतं. तरी आवाज देणं थांबवलं नाही. दिलेला शब्द मोडला तर तो माणूस परत येऊन सेट मागेल, मग पुन्हा नागसेनची फाईल. आणि हे काम दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालायचं नाही, एवढं मी ठरवलं. नागसेनला तर एक अक्षर सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर तो ताईसाठी धावत आला असता.

६

ऑगस्टमध्ये गावभर ताप आला, मलाही आला. घसा असा बसला की घोट उतरेना. खुशालराव दारात आडवे उभे राहिले. मी त्यांच्या हाताखालून निसटले आणि रिक्षानं कंट्रोलला गेले.

"मॅडम, तुमी कायले आल्या?" गीतांजली म्हणाली. "बसा चूप. यादी मी वाचतो." ती बाई असून वाचतो म्हणते, आमच्याकडे तसंच बोलतात.

तिनं हजेरी सुरू केली. मी माइकजवळ तोंड नेऊन बसले. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते.

"सोळा."

"सोळा, सब ठीक."

"सतरा."

मी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा जोर लावला, घशातून नुसता वारा आला. गीतांजलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच उत्तर द्यायला माइक ओढला. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मान जोरजोरात हलवली. नाही, नाही.

तेवढ्यात वलगावहून नागसेन बोलला, हसत हसत. "कंट्रोल, ताईचा घसा बसला म्हने. सतरा, सब ठीक. ताई, आता रोज मीच देत जाईन. तुमी आराम करा. तुमी माह्यासाठी येवढं केलं, मले येवढं तं करू द्या."

मी माइक हिसकावला, बटण दाबलं, ओरडले. पण आवाज कुठे होता ओरडायला! गीतांजलीनं माझ्या हातातून माइक काढून घेतला. "अगं बाई, ताप चढला वाटते तुमाले. बसा." आणि पुढे म्हणाली, "अठरा."

उत्तर आलं नाही.

"अठरा. वलगाव."

मी टेबलावरचा फोन तिच्याकडे ढकलला. तिनं वलगावला लावला. तिथल्या अनुपचा आवाज मला पलीकडून ऐकू आला. "नागसेन? आत्ता इथंच बसले होते ना. सेट टेबलावरच हाये. चपला बी हायेत. बाहेर गेले असतीन, बोलावतो."

अनुप त्याला हाका मारत अंगणात गेला. नागसेनभाऊ, ओ नागसेनभाऊ. आम्ही दोघी फोन कानाशी धरून ऐकत राहिलो. मी रडत होते, तेसुद्धा बिनआवाजाचं.

मग माइकशेजारच्या स्पीकरमधून नागसेन बोलला. पोटभर जेवल्यासारखा, निवांत.

"ताई, इथी तं भारी थंडगार हाये. हे तुमी आमाले कधी सांगतलंच नाई."

"आला बाप्पा एकदाचा आवाज," गीतांजली म्हणाली, आणि तिनं यादीत सतरापुढे खूण केली.